नस दबली म्हणजे नेमकी कुठे? मज्जासंस्थेची मांडणी आणि बधिरपणाचा पत्ता

तिठा

बोलताना आपण 'नस' किंवा 'शीर' हे शब्द चार वेगळ्या वस्तूंना लावतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. रात्री पोटरीत गोळा आला की 'नस चढली' म्हणतो. तो आखडलेला स्नायू असतो. पायावर निळसर, वेड्यावाकड्या 'नसा' फुगलेल्या दिसतात, त्या रक्तवाहिन्या. टाचेमागची धोंडशीर नावाने शीर असली तरी ती पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा दोर आहे, तिच्यातून काही वाहत नाही. आणि 'मानेत नस दबली' म्हणतो तेव्हा मात्र विषय खऱ्या मज्जातंतूचा असतो. हा धागा त्या चौथ्या नसेबद्दल.

मांडणी अशी. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती संस्था. मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ पडून असतानाही शरीराच्या ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा घेतो. मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, ४२ ते ४५ सेंटीमीटर लांब. यांतून बाहेर पडणाऱ्या नसा म्हणजे परिघीय संस्था: मेंदूच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूच्या ३१. त्या ३१ची वाटणी मानेत ८ (सी), पाठीत १२ (टी), कमरेत ५ (एल), त्रिकास्थीत ५ (एस) आणि माकडहाडाशी १. कंसातलं अक्षर आणि आकडा मिळून नसेचं किंवा मणक्याचं नाव होतं.

मज्जारज्जूच्या प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंना दोन-दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत येतात, पुढच्या मुळातून स्नायूंना हुकूम बाहेर जातो. मणक्यांमधून बाहेर पडता पडता दोन्ही मुळं एक होतात, म्हणून पुढे एकाच नसेत दोन्ही दिशांची वाहतूक चालते. मागच्या मुळावर एक छोटी गाठ असते, संवेदना आणणाऱ्या पेशींचं घर. ती गाठ लक्षात ठेवा, पुढे नागिणीचा विषय निघाला की लागेल.

मुंग्या, बधिरपणा, ताकद जाणं या तक्रारींत 'काय झालं' याच्या आधी 'कुठे झालं' हे विचारायला हवं, एवढंच मला कळकळीने सांगायचं आहे. बधिर जागेची कड बोटाने नीट आखली तर बिघाडाचा पत्ता बरेचदा एमआरआयच्या आधी मिळतो.

अबोली_क

मग एक नेहमीचा गोंधळ आधी सोडवा. रिपोर्टमध्ये 'एल-४/एल-५ची गादी (त्या दोन मणक्यांमधली चकती) सरकली' असं असतं आणि दबलेली नस मात्र एल-५ची सांगतात. एल-४ची का नाही? आणि कमरेतून पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढताना सुई मज्जारज्जूला कशी लागत नाही? पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो, या भीतीने कितीतरी घरांत तपासणीला नकार देतात.

तिठा

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, अबोली. मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असतो. जन्मतः त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं. पुढे कणा जास्त वाढतो, रज्जू मागे पडतो आणि मोठ्या माणसात तो एल-१/एल-२ लाच संपतो. खालच्या नसांना आपापल्या दारापर्यंत पोचायला कण्याच्या आतूनच बरंच खाली उतरावं लागतं. त्या जुडग्याला 'कॉडा इक्विना' म्हणतात, घोड्याची शेपटी. दिसतंही तसंच.

कमरेतून पाणी काढताना दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांचे वरचे काठ चाचपून एक आडवी रेघ कल्पायची. ती चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. सुई एल-३/एल-४ किंवा एल-४/एल-५ च्या फटीत जाते. तिथे रज्जू नसतोच. पाण्यात लोंबणाऱ्या सुट्या नसा असतात आणि त्या सुईच्या टोकापुढून बाजूला सरतात. हे पाणी अंगात एका वेळी सुमारे १५० मिलीलीटर असतं आणि दिवसाला ५०० च्या आसपास नवं तयार होतं. म्हणजे १० मिलीलीटर काढलं तर अर्ध्या तासात भरून येतं. नंतर जी डोकेदुखी होते, बसलं की वाढते आणि आडवं झालं की थांबते, ती आवरणाला पडलेल्या सुईच्या भोकातून पाणी बाहेर झिरपत राहिल्यामुळे. बारीक आणि बोथट टोकाची, आवरण कापण्याऐवजी तंतू बाजूला सारणारी सुई वापरली की ती बरीच कमी होते.

आता गादी. मानेत मणके ७ आणि नसांच्या जोड्या ८. पहिली जोडी कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधून निघते, त्यामुळे मानेच्या पहिल्या सात नसा आपापल्या मणक्याच्या वरून बाहेर पडतात. आठवीला स्वतःचा मणका नाही. ती सी-७ आणि टी-१ च्या मधून निघते. तिथून खाली सगळ्या नसा आपल्या मणक्याच्या खालून. म्हणून मानेत सी-५/सी-६ ची गादी सरकली की सी-६ ची नस दबते. सरळ हिशेब.

कमरेत एल-४ ची नस एल-४ च्या खालून, म्हणजे एल-४/एल-५ च्याच फटीतून निघते. तरी ती सुटते, कारण ती फटीच्या वरच्या कोपऱ्यातून, मणक्याच्या खांबाला घासून, गादीच्या पातळीला येण्याआधीच बाहेर पडलेली असते. एल-५ ची नस मात्र पुढच्या दाराकडे जाताना नेमकी त्या गादीच्या मागून, जरा कडेने, उतरत असते. गादीच्या मागे मधोमध उभा अस्थिबंध भक्कम असतो, कडेला तो पातळ होतो. गादी फुटते ती या पातळ कडेला आणि तिथे एल-५ उभीच असते. गादी त्याहून फार बाहेरच्या बाजूला सरकली, रिपोर्टमध्ये 'फार लॅटरल' असा शब्द आला, तर मात्र एल-४ सापडते.

कोरांटी

एल-५ चा विषय निघालाच आहे तर लटकणाऱ्या पावलाबद्दल लिहिते, कारण इथे पत्ता चुकल्यावर कमरेच्या तपासण्यांवर बराच खर्च होतो आणि बिघाड गुडघ्यापाशी असतो.

चप्पल पायातून निसटते, चालताना पाऊल फटकन आपटतं, पाय गरजेपेक्षा उंच उचलावा लागतो. याचे नेहमीचे दोन पत्ते. एक, कमरेत एल-५ चं मूळ. दुसरा, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जरा खाली जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, त्याच्या मानेला वळसा घालून जाणारी कॉमन पेरोनिअल नस. तिथे ती हाड आणि कातडी यांच्या मध्ये जवळजवळ उघडीच असते. उकिडवं बसून तासन्‌तास खुरपणी, एकावर एक पाय टाकून बसायची सवय, वरपर्यंत घट्ट बसलेलं प्लास्टर, आजारपणात वजन झपाट्याने उतरून तिथली चरबी जाणं, यांतल्या कशानेही ती दबते.

वेगळं ओळखायचं ते असं. माणसाला खुर्चीवर पाय लोंबते सोडून बसवा. पाऊल आणि अंगठा वर उचलणं दोन्हींत कमी झालेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. पाऊल आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे वळवायला सांगा. ते काम करणारा मुख्य स्नायू एल-५ च्याच मुळावर चालतो, पण त्याची तार पेरोनिअलमधून येत नाही, मागच्या टिबिअल नसेतून येते. म्हणून आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर बोट गुडघ्याकडे, तीही गेली असेल तर कमरेकडे. मग कुशीवर झोपवून वरचा पाय सरळ उचलायला लावा. कुल्ल्याच्या स्नायूचीही ताकद कमी असेल तर कमरेचा संशय पक्का होतो, कारण गुडघ्याजवळच्या नसेचा कुल्ल्याशी संबंध नाही.

इथे हमखास चूक होते. पाऊल लोंबतं ठेवूनच आत वळवायला लावतात आणि चांगला स्नायूही दुबळा वाटतो. आधी आपल्या हाताने पाऊल काटकोनात धरा आणि मगच ताकद पाहा. बधिरपणावर इथे फार भरवसा ठेवू नका. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू दोन्ही बिघाडांत बधिर होऊ शकते.

ईएमजीची, म्हणजे स्नायूतली वीज मोजणाऱ्या तपासणीची, घाई नको. नसेचा आतला तंतू तुटला असेल तर स्नायूत सुई घालून दिसणारे बदल यायला सुमारे तीन आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात केलेली तपासणी 'ठीक' आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. नुसतं वेष्टण चेपलं असेल तर काही आठवड्यांत ते भरून येतं. तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढतो. गुडघ्यापासून स्नायूपर्यंतचं अंतर मोजा, महिने तिथेच कळतात. तोवर पावलाला आधार देणारी पट्टी रोज हवी, नाहीतर धोंडशीर आखडते आणि नस परत आली तरी पाऊल वर येत नाही.

सातपुडा

हातात अशीच खूण अनामिकेची. या बोटाची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू मीडियन नसेची आणि करंगळीकडची अर्धी अल्नर नसेची. कापसाची वात दोन्ही अर्ध्यांवर फिरवा. एक अर्धा बधिर आणि दुसरा ठीक असेल तर बिघाड हाताच्या नसेत आहे, मानेत नाही. मानेतल्या मुळाने असं बोट उभं चिरलं जात नाही.

मनगटाच्या बोगद्यात ९ दोर आणि एक मीडियन नस दाटीने जातात. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट मुंग्यांनी जागं करतं, हात झटकला की बरं वाटतं. पण अंगठ्याच्या बुडाशी तळहाताचा जो उंचवटा आहे तिथली कातडी शाबूत असते, कारण तिची फांदी बोगद्याच्या वरून येते. तोही भाग बधिर असेल तर नस मनगटाच्या वर कुठेतरी अडकली आहे. आणि बधिरपणा मनगट ओलांडून दंडाच्या दिशेने वर चढत असेल तर मान तपासा.

करंगळी बधिर असेल तर कोपराच्या आतल्या खोबणीतली अल्नर नस दोन्ही हातांत चाचपून बघा. एका बाजूला ती दोरीसारखी जाड लागली आणि अंगावर कुठे संवेदना गेलेला फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. तो जंतू शरीराच्या थंड भागातल्या, कातडीलगतच्या नसा धरतो.

अबोली_क

नागीण राहिली. तिचं तोंड आणि शेपटी कंबरेभोवती जुळली की माणूस दगावतो, असं अजूनही सांगतात.

तिठा

ती जुळतच नाही आणि कारण मांडणीतच आहे. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मागच्या मुळावरच्या त्या गाठीत वर्षानुवर्षं पडून राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या गाठीतून तो नसेवाटे कातडीपर्यंत येतो. एका गाठीच्या ताब्यात अंगाच्या एकाच बाजूचा एक पट्टा असतो. स्तनाग्राच्या पातळीचा पट्टा टी-४ चा, बेंबीच्या पातळीचा टी-१० चा. पाठीच्या कण्यापासून निघून पुढे पोटाच्या मध्यरेषेला तो थांबतो, कारण पलीकडची कातडी दुसऱ्या बाजूच्या गाठीची. फोड बेंबीपाशी रेघ ओढल्यासारखे तुटलेले दिसतात ते यामुळे. फोड मध्यरेषा ओलांडून दोन्हीकडे किंवा अंगभर पसरले तर प्रतिकारशक्ती कशाने खालावली याचा शोध घ्यावा लागतो.

फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस त्याच पट्ट्यात जळजळ होते. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर हृदयाचं दुखणं वाटतं, उजव्या कुशीत असेल तर पित्ताशयाचं. कातडी उघडी करून बघा, पट्टा सापडतो. गेरू लावण्यात दिवस घालवू नका. विषाणूविरोधी गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, कारण नाकाच्या शेंड्याची आणि बुबुळाची नस एकाच फांदीची आहे. पन्नाशीनंतरच्यांना दोन डोसांची लस आता भारतातही मिळते.

दीपमाळ

तिठा, एक दुरुस्ती. मेंदूच्या १२ जोड्यांतली दुसरी, दृष्टीची, परिघीय गटात मोजतात खरी, पण ती मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मध्यवर्ती तंतूंवरचं पांढरं वेष्टण ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी घालतात. एकेक पेशी अनेक तंतूंचे तुकडे सांभाळते. बाहेरच्या नसांवर श्वान पेशी असतात, एक पेशी एका तंतूचा एकच तुकडा. दृष्टीच्या नसेवरचं वेष्टण पहिल्या प्रकारचं आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आतलं वेष्टण जातं, म्हणून त्याची सुरुवात पुष्कळदा एका डोळ्याची नजर अंधुक होऊन होते. गिलाँ-बारे म्हणजे जीबीएसमध्ये बाहेरचं वेष्टण जातं, म्हणून पायांपासून वर चढत जाणारा दुबळेपणा आणि गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय हलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात याचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काहींच्या तपासणीत दूषित पाण्याशी नातं असलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. त्याच्या वेष्टणावरचे रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मग नसांवरच तुटून पडतात.

जीबीएसमध्ये जीव जातो तो बरेचदा श्वासाने. श्वासपटलाची नस मानेतल्या सी-३, सी-४, सी-५ मुळांतून येते. दुबळेपणा तिथवर चढला की बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजन ठीक दिसत असतानाही श्वास कमी पडत चाललेला असतो. म्हणून वॉर्डात पूर्ण श्वास भरून किती हवा बाहेर फुंकता येते हे ठरावीक तासांनी मोजतात. ती वजनाच्या किलोमागे २० मिलीलीटरच्या खाली आली की आयसीयू आणि व्हेंटिलेटरची तयारी. घरून नेताना एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते लिहून न्या. सकाळी ३० आणि संध्याकाळी १५ झाले तर वेळ दवडू नका.

कोरांटी

कमरेच्या धाग्यात हे ठळक हवं. लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया यांच्या नसा त्रिकास्थीच्या एस-२ ते एस-४ मुळांतून येतात. एल-४/एल-५ किंवा त्याखालची मोठी गादी मधोमध फुटली तर घोड्याची शेपटी पूर्ण चेपते. सायकलच्या खोगिराला टेकतो तेवढाच भाग बधिर होतो, धुताना स्वतःचा स्पर्श कळत नाही, लघवी तुंबते किंवा भरल्याचीच जाणीव नसते, दुखणं एका पायातून दोन्ही पायांत जातं. यातलं काहीही आलं तर त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय. मालिश, ताण देणं, वाट बघणं सगळं बंद. दुखणं अचानक कमी झालं म्हणून खूश होऊ नका. त्यासोबत बधिरपणा वाढला असेल तर नस आणखी चेपली आहे.

सातपुडा

दोन्ही पायांत मोज्यासारखा बधिरपणा येतो तो कोणत्याच एका नसेत बसत नाही. तिथे लांबीचा हिशेब असतो. सगळ्यात लांब तंतू बोटांच्या टोकांचे, पोषणाची अडचण त्यांना आधी. मधुमेहात म्हणून बोटांपासून सुरुवात होते आणि बधिरपणा गुडघ्याच्या जवळ आला की हातांची बोटं सुरू होतात. तळव्याला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तो वाकेपर्यंत टेकवून तपासतात. तो कळत नसेल तर अनवाणी फिरणं आणि हाताने न तपासता गरम पाण्यात पाय बुडवणं दोन्ही थांबवा.

शाकाहारी माणूस आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी-१२ बघाच. त्याची कमतरता मज्जारज्जूच्या मागच्या खांबांनाही लागते, जिथून सांध्यांची जागा मेंदूला कळते. उजेडात चाल ठीक, पण तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. फक्त फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि रज्जूचं नुकसान चालूच राहतं.

अबोली_क

बधिरपणा अजिबात नाही, नुसती ताकद जाते, असं झालं तर पत्ता कुठला?

तिठा

एक महत्त्वाचा पत्ता नस आणि स्नायू यांच्या जोडावरचा. नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये सूक्ष्म फट असते आणि नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटून ती ओलांडतं. संवेदनेच्या तारा या जोडावर येतच नाहीत, म्हणून स्पर्श शाबूत.

मण्यार चावली की नेमका हाच जोड बंद पडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दंश बारीक, सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, एकाची दोन दिसतात, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वास. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, सगळं ऐकत असतो, फक्त हलू शकत नाही. बाहुल्याही स्थिर होऊ शकतात, त्यामुळे मेंदू गेला असं समजून उपचार थांबवण्याची भयंकर चूक होऊ शकते.

नागाचं विष फटीच्या पलीकडे, स्नायूच्या बाजूच्या कुलपांत बसतं, तिथे ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने पुष्कळदा फरक पडतो. मण्यारीचं मुख्य विष अलीकडे नसेचं टोकच निकामी करतं, म्हणून त्या इंजेक्शनचा उपयोग थोडा. प्रतिविष रक्तात फिरणारं विष अडवतं, मोडलेलं टोक जोडत नाही. नवी टोकं फुटेपर्यंत काही दिवस व्हेंटिलेटरने श्वास द्यायचा आणि या काळात त्या माणसाशी बोलत राहायचं, त्याला ऐकू येत असतं. नेताना तो झोपाळला आहे असं वाटलं तर पापणी बोटाने उचलून विचारा. डोळे हलत असतील तर उत्तर त्यांच्या हालचालीने येईल, हलले नाहीत तरी तो ऐकत असू शकतो.